अंदाजे वापर

शहराच्या बसमध्ये तिकीट तपासणारा माणूस कुणालाच आवडत नाही, आणि चेकरसाहेबांना त्याचं काही वाटत नसे. मधल्याच थांब्यावर चढायचं, दारातून एकदा सगळ्या चेहऱ्यांवर नजर फिरवायची आणि ज्याच्याकडे तिकीट नाही नेमकं त्याच्यापाशी जाऊन उभं राहायचं, यात त्यांचा हातखंडा होता. उगाच खिसे चाचपणारा, खिडकीबाहेर टक लावून बघणारा, झोपेचं सोंग घेणारा, सगळे त्यांना पाठ होते. इमारतीतसुद्धा त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. लहानथोर सगळे चेकरसाहेबच म्हणायचे. बायको म्हणायची, हे वर गेले की दारावरच्या माणसाला आधी त्याचंच तिकीट विचारतील.

बायकोचा स्वभाव अगदी उलटा. सुटे पैसे परत घ्यायचे तिच्या लक्षात राहत नसत, आणि राहिले तरी ती मागत नसे. पण कुणाचे आपल्याकडे राहिले तर मात्र तिला रात्री झोप लागत नसे. साहेब भाजी पुन्हा तोलायला लावायचे तेव्हा ती दुकानाबाहेर जाऊन अशी उभी राहायची, की हा माणूस आपला कुणी लागतच नाही. विजेचं खातं मात्र तिच्या नावावर होतं. घर घेतलं तेव्हा साहेब दिवसभर बसवर, म्हणून रांगेत ती उभी राहिली, सही तिने केली आणि नाव तिचं लागलं. दर महिन्याला बिल आलं की पाकिटावरचं नाव वाचून ती म्हणायची, "माझं पत्र आलं." दुसरं कुणी तिला पत्र लिहीत नव्हतं. मुलगी दुसऱ्या शहरात होती, ती फोन करायची.

पुढे तिच्या फुप्फुसांनी दगा दिला. आधी ती जिना चढताना मध्येच थांबू लागली, मग स्वयंपाक करताना, मग नुसती बोलतानासुद्धा. डॉक्टरांनी ऑक्सिजनचं मशीन लावायला सांगितलं, तेही नुसतं झोपताना नाही, दिवसरात्र. साहेबांनी ते भाड्याने आणलं. लहान कपाटाएवढं ते धूड पलंगाशेजारी उभं राहिलं आणि घरात अखंड घरघर सुरू झाली. नाकात नळी घालून ती बसल्या बसल्या शेंगा सोलायची आणि म्हणायची, मला दावणीला बांधलंय, पळून जाईन म्हणून. साहेब हसायचे नाहीत. त्यांना त्या वाक्याची भीती वाटायची.

मशीन आलं आणि बिलाने उडी मारली. साहेबांच्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग बायकोवर नव्हता, मशीनवर तर नव्हताच. राग होता कंपनीवर. पण कंपनी काही घरात येत नाही. बिल हातात नाचवत ते खिडकीपासून ओट्यापर्यंत फेऱ्या मारायचे, वीज काय सोन्याच्या तारेतून आणतात का म्हणून भिंतीला विचारायचे, आणि पलंगावरून ती ते सगळं ऐकत असायची. आपण कुणाच्या कानावर हे घालतोय, एवढं त्या शहाण्या माणसाला एकदाही सुचलं नाही.

मग बसडेपोत त्यांना कळलं, की वीज हल्ली दुसऱ्या कंपनीकडून घेता येते. तारा त्याच, मीटर तेच, बिल पाठवणारा तेवढा बदलायचा. नव्या कंपनीचा दर बराच कमी होता. साहेबांनी कागद आणले, तिची सही घेतली, आणि पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून बदल होणार असं ठरलं. मधल्या महिन्याचं बिल जुन्याच चढ्या दराने येणार होतं. दुसऱ्या दिवशी कामावर निघताना, बूट घालता घालता ते म्हणाले, "पहिल्या तारखेपर्यंत जरा जपून वापरू." ती बरं म्हणाली.

जपून म्हणजे काय, हे त्यांच्या डोक्यात अगदी स्पष्ट होतं. त्यांनी गिझर लावणं बंद केलं. तिचं अंग पुसायचं पाणी पूर्वीपासून गॅसवरच तापायचं, त्यामुळे प्रश्न होता तो त्यांच्या एकट्याच्या अंघोळीचा. कडाक्याची थंडी होती. न्हाणीघरात शिरून ते नळ जोरात सोडायचे, दातांचा आवाज होऊ नये म्हणून जबडा घट्ट मिटायचे आणि बाहेर येऊन सांगायचे, आज पाणी काय कडक होतं. गणवेशाला इस्त्री करणंही सोडलं. पँट गादीखाली घालून ते झोपायचे. बायकोला हे कळलं तर ती जिवाला लावून घेईल, म्हणून तिच्यापासून लपवायचं एवढंच त्यांनी ठरवलं होतं. जन्मभर दुसऱ्यांची सोंगं पकडली, तेव्हा आपल्याला सोंग छान वठवता येतं असा त्यांचा समज होता.

पहिल्या तारखेला सकाळीच जुन्या कंपनीचा निरोप आला, की मीटरवरचा आजचा आकडा कळवा, म्हणजे शेवटचं बिल करता येईल. मीटर खाली जिन्याशी होतं. पण त्या सकाळी तिला उठून बसवेना. साहेबांनी रजा टाकली आणि ते दिवसभर तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. हिशेबात कधी न चुकणाऱ्या माणसाचा एवढा एक आकडा कळवायचा राहून गेला. त्याच दुपारी नव्या कंपनीचा माणूस येऊन मीटरचा फोटो काढून गेला होता, पण ते त्यांना पुष्कळ पुढे कळलं. आठवड्याच्या आतच तिला रुग्णालयात न्यावं लागलं. तिथून ती परत आली नाही.

मुलगी आली, राहिली, बाबा माझ्याकडे चला म्हणून रडली, आणि साहेब हलत नाहीत म्हटल्यावर आपल्या घरी गेली. भाड्याचं मशीन दुकानदार घेऊन गेला. घर इतकं शांत झालं की साहेबांना स्वतःच्या गिळण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. ते पुन्हा बसवर जाऊ लागले. पण आता एखादा फुकट्या समोर दिसला तरी कधी कधी ते त्याला सोडून देत, कारण भांडायला तोंड उघडलं तर त्यातून काय बाहेर पडेल याची त्यांना खात्री नव्हती.

अशात ते पाकीट आलं. वर तिचं नाव होतं. जुन्या कंपनीचं शेवटचं बिल होतं ते, थोडंथोडकं नव्हे, आणि सोबत एक चिठ्ठी, की आपण अमुक दिवसांत रक्कम भरली नाही तर आपली नोंद थकबाकीदार म्हणून केली जाईल. बिलात मीटरच्या आकड्याशेजारी बारीक अक्षरांत लिहिलं होतं: अंदाजे वापर. आकडा कळवला नव्हता, म्हणून कंपनीने मागच्या महिन्यांवरून अंदाज बांधून मोकळं होणं पसंत केलं होतं.

साहेब त्या पाकिटाकडे बराच वेळ बघत राहिले. दुकानदाराचे जास्त आलेले सुटे पैसे परत करायला जी बाई भर उन्हात माघारी जायची, ती थकबाकीदार? बिलाची रक्कम त्यांना जड नव्हती असं नाही, पण ती त्यांनी कशीही भरली असती. तो शब्द मात्र त्यांच्या घशाखाली उतरेना. तिच्या नावापुढे तो लागू द्यायचा नाही, मग काय वाटेल ते होवो, असं त्यांनी ठरवलं. कितीतरी दिवसांनी त्यांना भूक लागली.

नव्या कंपनीचं पहिलं बिल घेऊन त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले आणि चोर सापडला. जुन्या कंपनीचा हिशेब जिथे संपत होता, त्याच्या पुष्कळ अलीकडे नव्या कंपनीचा सुरू होत होता. एकाच मीटरचे एकाच दिवसाचे दोन आकडे! मधली वीज दोघेही विकत होते. म्हणजे कुणीतरी खोटं बोलत होतं, आणि अंदाज बांधणारा कोण हे तर कागदावर लिहिलेलंच होतं. साहेब कंपनीच्या हात धुऊन मागे लागले.

तिथला फोन लावला की आधी गाणं वाजायचं, मग एक गोड बाई सांगायची की तुमचा फोन आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. महत्त्वाचा आहे तर उचला की, असं साहेब त्या गाण्याला सुनवायचे. दर वेळी नवा माणूस, दर वेळी गोष्ट पहिल्यापासून. तक्रार नोंदवली आहे. तक्रार वरच्या विभागाकडे गेली आहे. नवी कंपनी उत्तर देत नाही. तुम्ही आधी रक्कम भरा, मग वाद मिटेल. भीक नको पण कुत्रा आवर म्हणायची पाळी आली, तरी ते थकले नाहीत. एकदा एका पोराने नियमावर बोट ठेवून सांगितलं, की माहिती फक्त खातेदारालाच देता येते, तेव्हा जरा खातेदाराला फोनवर द्या. साहेब म्हणाले, ती बाहेर गेली आहे. फोन ठेवून ते ओट्याला टेकून उभे राहिले आणि तिच्या जाण्यानंतर पहिल्यांदा मोठ्याने रडले.

मृत्यूचा दाखला पाठवल्यावर पुढे त्या फोनवर एक मुलगी भेटली, तिने सगळं नीट ऐकून घेतलं. ती त्यांना सर म्हणायची, मग काका म्हणू लागली. माझे बाबाही असेच भांडतात, असं ती एकदा म्हणाली. त्यानंतर साहेब फोन लावून तिचीच चौकशी करायचे, आणि ती नसली तर उद्या करतो म्हणायचे.

या लढाईची रोजची बातमी खालच्या ताईंना मिळायची. साहेबांच्या झोपायच्या खोलीच्या बरोबर खाली त्यांचं घर. एकट्याच राहायच्या, दिवसभर खिडकीशी बसून गिऱ्हाइकांचे स्वेटर विणायच्या. बायको होती तेव्हा दुपारी तिच्याजवळ जाऊन बसणारं माणूस म्हणजे त्याच. आता कामावरून परतताना साहेब त्यांच्याकडे टेकत, चहा घेत, आज कंपनीला कसं खिंडीत गाठलं ते सांगत. ताई ऐकून घ्यायच्या. कंपनीत त्यांना काही रस नव्हता, पण या माणसाला जगायला काहीतरी लागतं आणि सध्या ते हे आहे, एवढं त्यांना समजत होतं. खरंही तेच होतं. दुःखाशी कुणाला भांडता येत नाही, कंपनीशी येतं.

थंडी सरली, उन्हाळा आला, आणि एकदाचं गंगेत घोडं न्हालं. नव्या कंपनीने तो फोटो जुन्या कंपनीला पाठवला. फोटोत मीटरचा आकडा होता, तारीख होती, वादाला जागाच नव्हती. दुरुस्त केलेलं शेवटचं बिल आलं तेव्हा साहेबांनी ते जिन्यातच फोडलं. थकबाकी तर नव्हतीच, उलट खातं उघडताना भरलेल्या अनामत रकमेतून बिल वळतं करून कंपनी थोडे पैसे परत द्यायचं म्हणत होती. तुम्ही होकार कळवा, की खातं कायमचं बंद करतो. खाली दिलगिरीची एक ओळही होती. साहेबांनी तिचं नाव पुन्हा पुन्हा वाचलं. त्याच्यापुढे आता काही लिहिलेलं नव्हतं.

ते घरी गेलेच नाहीत, थेट ताईंच्या दारात उभे राहिले. चेहरा असा फुलला होता की ताईंना आधी वाटलं, मुलीकडे काहीतरी गोड बातमी आहे. साहेबांनी बिल टेबलावर पसरलं आणि बोटाने दाखवत सुटले. त्या महिन्याचा वापर बघा, म्हणाले, नेहमीपेक्षा कितीतरी कमी, आणि या लोकांनी पुरा महिना लावला होता. त्यांना काय कल्पना, की मी त्या थंडीत महिनाभर गिझरला हात लावला नव्हता.

ताई हसल्या. मग त्यांनी सहज, अगदी घरातली गोष्ट बोलावी तसं म्हटलं, "आणि वहिनींनी मशीन बंद ठेवलं होतं ना."

साहेब म्हणाले, नाही, मशीन नाही. मशीन दिवसरात्र चालू असायचं, डॉक्टरांनी तसं सांगितलं होतं. फक्त गिझर, आणि थोडी इस्त्री. हे बोलता बोलता ते स्वतःच सावकाश होत गेले, कारण एका माणसाच्या अंघोळीचं पाणी ते किती असणार. ताईंच्या हातातल्या सुया थांबल्या होत्या.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?" त्यांनी विचारलं.

ताईंना आता मागे फिरता येत नव्हतं आणि पुढेही जाववत नव्हतं. शेवटी त्या म्हणाल्या, "तुम्ही जिन्यात आलात की वर मशीन सुरू व्हायचं, भाऊजी. तुम्ही आल्याचं मला त्यावरूनच कळायचं."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सकाळी ते कामावर गेले की वरची घरघर थांबायची, ती संध्याकाळपर्यंत. सुट्टीच्या दिवशी मात्र दिवसभर चालायची. रात्री तर चालायचीच. ताईंनी एका दुपारी तिला विचारलं होतं, अहो, हे बंद का, तुम्हाला बोलताना धाप लागतेय. त्यावर ती काय म्हणाली, ते ताईंनी शब्दाला शब्द सांगितलं.

"म्हणाल्या, हे या थंडीत गार पाण्याने अंघोळ करतात आणि मला सांगतात कडक पाणी होतं. आरशावर वाफ धरत नाही, मला काय दिसत नाही का? ते तिकडे कुडकुडणार आणि मी इथे पडून वीज ओढत राहू? पहिल्या तारखेपर्यंतच तर आहे."

ताई रडू लागल्या. त्या म्हणाल्या, मला वाटलं तुमचं दोघांचं बोलून ठरलंय, डॉक्टरांनाही विचारलं असेल, नाहीतर मी गप्प बसले असते का. साहेबांनी त्यांना समजावलं. तुमची काही चूक नाही, म्हणाले. बिलाची घडी घातली, चहा राहू द्या म्हणाले, आणि वर निघाले. जिना चढताना त्यांनी पावलं अगदी हळू टाकली. का, ते त्यांना सांगता आलं नसतं.

पलंगाच्या कडेवर बसून ते त्या महिन्यातल्या संध्याकाळी एकेक करून आठवू लागले. दार उघडलं की ती नाकात नळी घालून उशीला टेकलेली असायची, आणि थोडी घाईत असल्यासारखी हसायची. ओठ निळसर दिसायचे. त्यांना वाटायचं, आजार वाढतोय. मशीन नीट चालतंय ना, असं ते रोज विचारायचे, आणि ती म्हणायची, तुमच्यासारखंच, सारखं घरघर करतंय. भरलेल्या बसमधून बिनतिकिटाचा माणूस दारातून हेरणारा हा चेकर. घरी येऊन रोज त्याच चेहऱ्यासमोर बसून जेवला, आणि त्याला काही म्हणता काही दिसलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो एवढा असेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

डॉक्टरांना विचारावं असं एकदा मनात आलं. पण ते काय सांगतील ते त्यांना आताच ऐकू येत होतं: काही फरक पडला नसता, फुप्फुसं आधीच गेली होती. डॉक्टर हे सगळ्यांनाच सांगतात. ते खरं असलं तरी खरं म्हणून ते ऐकता येणार नव्हतं. आणि खरं असलं तरी महिनाभराच्या त्या सगळ्या दुपारी तर घडून गेल्याच होत्या. तीन खोल्यांच्या या घरात, उन्हाचा पट्टा या भिंतीवरून त्या भिंतीवर जाईपर्यंत, तिने एकटीने श्वास मोजून मोजून वापरला होता, कारण नवऱ्याने एका सकाळी बूट घालता घालता जपून म्हटलं होतं. नुसतं एकदा सांगितलं असतं की अगं, मी गिझर लावत नाहीये, तू मात्र मशीन बंद करायचं नाहीस, तर काय बिघडलं असतं? तिनेही सांगितलं नाही. दोघांनीही एकमेकांवर एवढी माया केली की साधं बोलायचंच राहून गेलं.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेले नाहीत. कंपनीचा फोन लावला, गाणं पुरं ऐकलं, आणि त्या मुलीला बोलवायला सांगितलं. ती खुशीत होती. दुरुस्तीचं तिला कळलं होतं. ती म्हणाली, काका, शेवटी तुमचंच बरोबर निघालं, आता फक्त हो म्हणा, मी खातं बंद करून टाकते.

साहेब म्हणाले, नाही, तुमचंच बरोबर होतं. तुम्ही लावला होता तो अंदाज बरोबर होता. ते पहिलं बिल पुन्हा लावा, मी सगळं भरतो.

मुलीला काही कळेना. तिने समजावलं, की काका, ते बिल रद्द झालंय. मीटरचा फोटो आहे. मीटर जे दाखवतं त्याहून जास्त आम्हाला लावता येत नाही.

साहेबांनी आवाज चढवला नाही. हात जोडून बोलावं तसं ते म्हणाले, तिचं नाव थकबाकीदार म्हणून लावायचं असेल तरी चालेल, माझी हरकत नाही. पण तो आकडा तेवढा पहिला ठेवा. महिनाभर जेवढी वीज लागायला हवी होती, तेवढी लागली असं असू द्या.

मग ती मुलगी हलक्या आवाजात म्हणाली, की बिल जास्त आलं अशीच तक्रार आमच्याकडे नोंदवता येते, कमी आलं अशी सोयच नाही. पण तुम्ही होकार दिला नाही तर खातं उघडं राहतं, आणि तुमचं म्हणणं म्हणून मी दोन शब्द लिहू शकते. त्याने बिल बदलणार नाही, काका.

"चालेल," साहेब म्हणाले.

"काय लिहू?"

"लिहा, मशीन चालू होतं."

टाइप केल्याचा आवाज आला. मग तिने विचारलं, "किती वेळ, काका?"

"दिवसभर," साहेब म्हणाले. "मी घरी नसतानासुद्धा."